घर आणि शाळा : मागल्या बाकावरच्या बाई

गेल्या महिन्यात या सदराच्या पत्त्यावर एका भगिनीचे पत्र आले. खाली नाव नव्हते. 'एक सासू' एवढीच सही होती. त्यांची धाकटी सून पदवी घेऊन या घरी आली आणि सासऱ्यांच्या आग्रहावरून बी. एड.च्या वर्गात दाखल झाली. पहिले वर्ष सुरळीत पार पडले, परीक्षेत गुणही चांगले पडले. परंतु दुसऱ्या वर्षी एका शाळेत प्रत्यक्ष शिकविण्यासाठी जाऊ लागल्यापासून मुलीचा चेहरा उतरला आहे. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर टाचणाची वही घेऊन बसते ती मध्यरात्र उलटेपर्यंत. सकाळी घासभर खाऊन निघते, आणि संध्याकाळी परत आली की न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवते. तो नळ कशासाठी चालू असतो हे घरात सर्वांना समजते. पण कोणी बोलून दाखवीत नाही. "पोर हुशार आहे, घरात चार माणसांत मोकळेपणी वावरते. मग मुलांपुढे उभी राहिली की तिचा आवाज का बसावा? हा पेशा तिचा नव्हे असे समजून आताच थांबवावे, की रेटावे?" असा त्या पत्राचा शेवट आहे.

मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ एका शाळेत गणित शिकविले, आणि त्यांपैकी शेवटची काही वर्षे अध्यापक महाविद्यालयातून येणाऱ्या छात्राध्यापिका माझ्या वर्गावर सोपविल्या जात. त्यामुळे पत्रातील सून मला अगदी ओळखीची वाटली. किंबहुना तिच्यासारखीच एक मुलगी माझ्या वर्गात आली होती, आणि तिचा आवाज बसण्यास बऱ्याच अंशी मीच कारण झाले होते. ही हकीकत मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. परंतु ती सांगितल्यावाचून या सासूबाईंच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही, म्हणून आज सांगते.

ज्या घरांतून या शिक्षणक्रमाची माहिती नसेल त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. पूर्वी बी. एड.चा अभ्यास एका वर्षाचा असे. विद्यार्थिनीने ठरलेले सराव पाठ शाळाशाळांतून जाऊन घ्यावयाचे. मागे कोणी प्राध्यापक बसून निरीक्षण वहीत 'फलकलेखन सुवाच्य', 'आवाज मोठा हवा', 'प्रस्तावना लांबली' अशा चार ओळी लिहावयाचे. आणि घंटा झाली की दोघांनी दोन वाटांनी निघून जावयाचे. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या नियमांन्वये हा अभ्यास दोन वर्षांचा झाला, आणि त्यांत 20 आठवडे शाळेच्या सहवासात घालविण्याची योजना आली. 4 आठवडे पहिल्या वर्षी व 16 दुसऱ्या वर्षी. हा बदल फार मोलाचा होय. कारण एका तासापुरते कोणालाही निभावून नेता येते. खरा कस लागतो तो तोच वर्ग, त्याच मुलांसह, दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर आला म्हणजे.

नवख्याने जाणत्याच्या हाताखाली राहून शिकविणे शिकावे ही कल्पना तशी जुनीच. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत वरची मुले खालच्या मुलांस धुळाक्षरे गिरवून देत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अशीच पद्धत चालविली आणि पुढे ती इंग्लंडात नेली. तिकडे 1846 साली 13 वर्षांच्या मुलामुलींनी 5 वर्षे मुख्याध्यापकाच्या हाताखाली उमेदवारी करावी अशी सरकारी योजनाच निघाली. उमेदवाराने काय करावे याचे नियम तेव्हाही होते आणि आताही आहेत. माझ्याकडे जेव्हा पहिल्याने छात्राध्यापिका सोपविण्यात आली, तेव्हा तिने काय काय पुरे करावयाचे याची लांबलचक छापील यादी मला मिळाली. मी काय करावयाचे, आणि विशेषतः काय करावयाचे नाही, हे मात्र त्या यादीत कोठेच नव्हते.

ती मुलगी विज्ञान शाखेची पदवीधर; गणित उत्तम, अक्षर मोत्यासारखे. पहिला आठवडा तिने केवळ माझे तास पाहिले. दुसऱ्या आठवड्यात सहावीच्या वर्गावर तिचा पहिला पाठ होता, विषय अपूर्णांक. टाचण सहा पानांचे. जर्मन शिक्षणशास्त्रज्ञ हर्बार्ट यांच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पाच पायऱ्या त्यांत काटेकोर पाळलेल्या. डाव्या बाजूस आपण विचारावयाचे प्रश्न आणि उजव्या बाजूस मुलांकडून अपेक्षित असलेली उत्तरे. मुलांनी ते टाचण वाचले असते तर पाठ निर्दोष झाला असता. परंतु पहिल्याच प्रश्नाला एका मुलाने उजव्या बाजूस नसलेले उत्तर दिले. ती अडखळली, तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि क्षणभरही न थांबता उत्तर स्वतःच देऊन टाकले. मग वर्गाकडे पाठ करून ती फळ्यावर लिहू लागली. मागे कोणाचा तरी कंपासपेटीचा डबा खाली पडला, हशा झाला, दोन बाकांमध्ये खोडरबरावरून ओढाओढ लागली. तिने तीनदा "शांत बसा" म्हटले, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज अधिकच बारीक होत गेला.

तेव्हा मी उठले. माझा स्वभाव मुळात कडक, आणि वर्ग माझ्या सवयीचा. मागल्या बाकावरून मी एकच वाक्य बोलले आणि सारा वर्ग चित्रासारखा स्तब्ध झाला. "हं, चालू द्या," असे म्हणून मी पुन्हा खाली बसले. आपण मुलीची लाज राखली, असेच मला त्या वेळी वाटले. तिच्या चेहऱ्याकडे मात्र मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवसापासून काय घडू लागले ते ऐका. तिने "वह्या काढा" म्हटले की मुले आधी मान वळवून मागे माझ्याकडे पाहत, आणि मग वह्या काढत. बाहेर जाण्याची परवानगी मागावयास मुले तिच्यासमोरून चालत माझ्यापर्यंत येत. एका मुलीने तर फळ्यावरील उत्तराकडे बोट दाखवून हळूच मला विचारले, "बाई, ते बरोबर आहे ना?" उत्तर अर्थातच बरोबर होते. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, उद्यापासून तास तुम्हीच घ्या. मी मागे बसून नोंदी करीन. मला नाही हे जमायचे."

त्या रात्री मला झोप आली नाही. राहून राहून माझ्याच लग्नानंतरचा पहिला शिमगा डोळ्यांपुढे येत होता. घरात पंधरा पाने. पुरणपोळ्या मी लाटते असे मोठ्या हौसेने म्हटले. दुसऱ्याच पोळीतून पुरण बाहेर आले. सासूबाई चांगल्या मनाच्या होत्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. फक्त माझ्या हातातले लाटणे काढून घेऊन म्हणाल्या, "राहू दे, मी करते." पंगतीत पोळ्या उत्तम वाढल्या गेल्या. पण त्यानंतर पाच वर्षे मी पुरणपोळी लाटावयास बसले नाही. सासूबाईंनी माझ्यावर उपकारच केले होते, आणि त्या उपकारानेच माझा हात बांधून टाकला होता. शाळेत मी त्या मुलीच्या हातातले लाटणे काढून घेतले होते, दुसरे काय!

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी मी तिला गाठले आणि सरळ सांगितले, "परवा मी उठले ती माझी चूक झाली. वर्ग तुझ्या हाती होता, मी मध्ये बोलावयास नको होते. आता तो तुला परत कसा मिळेल ते आपण दोघी मिळून पाहू." ती गांगरली. वयाने व अनुभवाने मोठ्या माणसाने चूक कबूल करावी हे बहुधा तिच्या ऐकण्यात नसावे. परंतु हे बोलणे टाळून पुढचे काहीच साधले नसते, अशी माझी आजही खात्री आहे.

त्यानंतर आम्ही जे केले ते क्रमाने सांगते. कारण ज्या भगिनी शाळांतून काम करतात त्यांस ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, काम लहान केले. एकदम पूर्ण तास तिच्यावर न टाकता पहिले तीन दिवस तिने फक्त हजेरी घ्यावी आणि आदल्या दिवशीची उदाहरणे तपासावी असे ठरविले. हजेरी हे काम क्षुल्लक दिसते, पण त्यानेच नावे पाठ होतात. तिने बाकांचा एक नकाशा काढला आणि प्रत्येक चौकोनात मुलाचे नाव लिहिले. "ए, तू निळ्या दप्तराच्या, बोलू नकोस" असे म्हणणे आणि त्या मुलाला नावाने हाक मारणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तीन दिवसांनी तासाची पहिली दहा मिनिटे तिच्याकडे आली. मग अर्धा तास. आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पुन्हा पूर्ण तास.

दुसरी गोष्ट, जागांची अदलाबदल केली. दोन दिवस मी शिकविले आणि तिने मागे बसून माझे दोष टिपावयाचे, असा करार केला. प्रथम ती कबूल होईना. शेवटी भीत भीत तिने वही पुढे केली. तिने लिहिले होते, 'बाईंनी खिडकीकडील रांगेतील एकाही मुलाला प्रश्न विचारला नाही.' इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितले नव्हते, आणि ते अक्षरशः खरे होते; माझी मान उजवीकडेच वळते. तिने माझा दोष पकडला आणि मी तो मानला, हे पाहिल्यावर तिच्या बोलण्यातील संकोच बराचसा ओसरला. चुकणे हे नवखेपणाचे लक्षण नसून शिकविण्याच्या धंद्यातच ते मुरलेले आहे, हे मी शंभर वेळा सांगून तिला पटले नसते.

तिसरी गोष्ट, पाठ संपल्यावर विशेषणे वापरावयाची नाहीत असे मी स्वतःवर बंधन घालून घेतले. 'छान झाला' याने काही कळत नाही, आणि 'नीट झाला नाही' याने तर मुळीच नाही. त्याऐवजी मी मोजून लिहू लागले. एके दिवशी मी लिहिले, 'आज 14 प्रश्न विचारले. त्यांपैकी 11 पहिल्या दोन बाकांस गेले.' दुसऱ्या दिवशी लिहिले, 'फळ्याकडे तोंड करून सलग तीन मिनिटे लिहिले. गोंगाट त्याच वेळी सुरू झाला.' हे वाचून तिला रडू आले नाही; ती विचार करू लागली. दुसऱ्या दिवसापासून ती अंग तिरके ठेवून, एक डोळा वर्गाकडे ठेवून लिहू लागली. शिवाय, माझे म्हणणे सांगण्यापूर्वी मी तिलाच विचारी, "आज तुला काय दिसले?" पुष्कळदा मी लिहिलेले दोष तिने स्वतःच आधी सांगितले, आणि मग मला ते सांगण्याची गरजच राहिली नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती माझ्या वाट्याची. मी गप्प बसावयाचे. कोपऱ्यातील खुर्ची सोडून मी मुलांच्याच बाकावर वही घेऊन बसू लागले आणि ती सांगेल ती उदाहरणे सोडवू लागले. मुले माझ्याकडे पाहू लागली की मी फळ्याकडे पाहावयाची. परवानगी मागावयास कोणी आले की म्हणावयाची, "आज वर्ग त्यांच्याकडे आहे, त्यांना विचार." पहिले तीन-चार दिवस मुलांना हे चमत्कारिक वाटले. नंतर ती येईनाशी झाली.

वर्ग ताब्यात ठेवणे म्हणजे दरडावणे, अशी आपल्यांत एक समजूत आहे. ती किती अपुरी आहे हे अमेरिकेतील जेकब कूनिन या मानसशास्त्रज्ञाने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे. आपल्याच वर्गात वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्याने टोकले, तेव्हा इतर विद्यार्थीही सावरून बसले. यावरून त्याला या विषयाचे कुतूहल लागले. पुढे त्याने अनेक वर्गांचे बारकाईने निरीक्षण केले तेव्हा असे आढळले की, ज्यांचा वर्ग चांगला चालतो आणि ज्यांचा चालत नाही त्यांच्यांतील फरक रागावण्याच्या रीतीत नाहीच. तो आधीच्या गोष्टींत आहे: सबंध वर्गावर नजर असणे, एका कामातून दुसऱ्या कामात खळ न पडता जाणे, आणि मुलांचे हात रिकामे न ठेवणे. जुन्या गृहिणी पंगत वाढताना नेमके हेच करीत. मीठ-लिंबापासून ताकापर्यंत सारे हाताशी असले म्हणजे पंगतीत आरडाओरड करावी लागत नाही.

आवाजाविषयीही असेच. नवख्या शिक्षिकेला शांततेची फार भीती वाटते. प्रश्न विचारला आणि कोणी बोलले नाही की तिच्या मनात येते, आपले अज्ञान उघडे पडले. म्हणून ती घाईघाईने स्वतःच उत्तर देते. मेरी बड रो या विदुषीने गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत ध्वनिमुद्रणे ऐकून असे दाखविले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरीने जेमतेम एक सेकंदच थांबतात. आणि तोच अवधी तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला तर मुलांची उत्तरे लांब होतात, एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात, आणि 'येत नाही' म्हणणारी कमी होतात. मी तिला एवढेच सांगितले, "प्रश्न विचारलास की मनातल्या मनात एक, दोन, तीन, चार म्हण, मगच पुढे बोल." तिने मला नंतर सांगितले की, पहिल्या दिवशी ते चार आकडे तिला घटकाभरासारखे वाटले.

आता त्या दिवसाची हकीकत. सहावा आठवडा होता, विषय पुन्हा अपूर्णांकच. भिन्न छेदांची बेरीज. तिने फळ्यावर 1/2 + 1/3 असे लिहून एका मुलाला बोलाविले. त्याने खडू घेतला आणि वरचे अंक वर मिळवून, खालचे खाली मिळवून 2/5 असे ठसठशीत लिहिले. निम्म्या वर्गाने मान डोलावली. टाचणाच्या उजव्या बाजूस हे उत्तर नव्हते. माझे पाय आपोआप बाकाखालून निघाले. खरोखर मी उठण्याच्या बेतात होते. मी बाकाची कड घट्ट धरली आणि बसून राहिले.

तिने 'चूक' म्हटले नाही. ते उत्तर पुसलेही नाही. ती थांबली, मीही मनात चारपर्यंत मोजले. मग तिने प्रत्येक मुलाला पट्टीने मोजून 12 सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी कापावयास सांगितली. "हिचा अर्धा किती?" "सहा." "तिसरा हिस्सा किती?" "चार." "दोन्ही मिळून?" "दहा." एवढे झाल्यावर ती म्हणाली, "आता फळ्यावरचे 2/5 म्हणजे किती सेंटिमीटर, तेही काढून पाहा बरे." वर्गात कुजबुज सुरू झाली, पण ती कामाची कुजबुज होती. खिडकीकडील रांगेतून, जिच्या तोंडून मी वर्षभरात दहा वाक्ये ऐकली नव्हती, अशी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, ते पाचसुद्धा भरत नाहीत. नुसता अर्धाच सहा आहे. अर्ध्यात आणखी मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसे होईल?"

फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाने स्वतःच आपले उत्तर पुसले. 12 पैकी 10 म्हणजे 6 पैकी 5, हे मग वर्गाने तिच्याकडून वदवून घेतले म्हणावे, की तिने वर्गाकडून, हे सांगणे कठीण आहे. घंटा झाली तेव्हा टाचणाची तीन पाने तशीच राहिली होती. ती माझ्याकडे आली आणि ओशाळून म्हणाली, "बाई, पाठ पुरा झाला नाही." मी म्हटले, "राहिलेली पाने उद्या घे. त्या मुलीचे उत्तर उद्यावर टाकता आले नसते." त्या तासाच्या माझ्या नोंदीत मी सर्वांत शेवटी एक ओळ लिहिली होती, ती तिला पुष्कळ दिवसांनी दाखविली: 'आज एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.'

यानंतर सारे सुरळीत झाले असे समजू नका. नवव्या आठवड्यात तिचा एक पाठ पुरता फसला. पावसाळी दिवस होता, मुले ओली होती, आणि तिने तोंडी गणित लावून धरले. एक मुलगा शेवटपर्यंत तिला वश झाला नाही. खरे सांगावयाचे तर तो मलाही झाला नव्हता. परंतु फसलेल्या पाठानंतर ती न्हाणीघरात गेली नाही, वही घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "ओल्या दिवशी लिहावयाचे काम द्यावयास हवे होते." आत्मविश्वास म्हणतात तो हाच, असे मला वाटते. आपले कधी चुकणार नाही असे वाटणे हा आत्मविश्वास नव्हे. चुकले तर काय चुकले ते आपणांस कळेल, आणि उद्या पुन्हा याच मुलांपुढे उभे राहता येईल, एवढी खात्री म्हणजे आत्मविश्वास. ही खात्री स्तुतीने येत नाही, आणि कोणी मध्ये पडून वाचविल्याने तर मुळीच येत नाही.

महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात याचे एक थोर उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे धडे घेतले आणि पुढे बोर्डीस स्वतंत्र कार्य उभारले. 1945 साली अनुताई वाघ त्यांच्याकडे आल्या. अनुताई बालपणीच विधवा झालेल्या, आणि बरीच वर्षे शिक्षिकेचे काम केलेल्या. ताराबाईंनी त्यांस केवळ हाताखाली राबविले नाही; काम त्यांच्यावर सोपवीत नेले. 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. 1973 साली ताराबाई निवर्तल्या, आणि त्यानंतर 1992 साली स्वतःच्या अखेरीपर्यंत अनुताईंनी ते चालविले व वाढविले. शिकविणाऱ्याच्या माघारी जे काम चालू राहते, त्यावरूनच त्याने काय सोपविले हे कळते.

आता पत्र लिहिणाऱ्या सासूबाईंकडे वळते.

बाई, तुमच्या सुनेस आताच थांबवू नका. पहिल्या तीन-चार आठवड्यांवरून या पेशाचा निर्णय करणे म्हणजे पहिल्या पोळीवरून हात ओळखणे होय. मात्र नुसते 'रेट' असेही म्हणू नका. प्रथम तिला एकांतात एवढेच विचारा की, मागे बसणाऱ्या बाई मध्ये उठतात का, आणि पाठानंतर तिच्याशी बसून बोलतात का. मध्ये उठत असतील तर "थोडे दिवस मला निम्माच तास द्या, पण तेवढा पूर्ण माझ्याकडे असू द्या," असे तिने त्यांस नम्रपणे सांगावे. बहुतेक शिक्षिका हे ऐकतील. त्यांना वाईट करावयाचे नसते, माझ्यासारखे त्यांना ठाऊक नसते.

दुसरे, घराविषयी. सुनेला बी. एड.ला घातले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपल्या सुशिक्षित घरांतून मानले जाते. परंतु स्वयंपाकघर आवरून झाल्यावर, सर्व निजल्यावर जो वेळ उरतो त्यात लिहिलेले टाचण सकाळी वर्गात कसे उभे राहणार? रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 साली प्रसिद्ध झाल्या; त्या ज्यांनी वाचल्या असतील त्यांना स्मरत असेल की, न्यायमूर्तींनी त्यांस शिकविण्यास आरंभ केला तेव्हा अडथळा पुस्तकांचा नव्हता, घरातील बायकांच्या बोलण्याचा होता. आज तसे टोमणे आपल्या घरांतून राहिले नाहीत म्हणावे. पण वेळ मात्र अजून मागून घ्यावा लागतो. या आठवड्यांपुरते संध्याकाळचे दोन तास तिला मोकळे द्या. रात्रीचे आवरणे थोरल्या सुनेने, मुलाने, आणि हो, सासऱ्यांनीही वाटून घ्यावे. सुनेने शिकावे हा आग्रह त्यांचाच होता.

तिसरे, ती घरी आल्याबरोबर सर्वांदेखत "कसा झाला पाठ?" असे विचारू नका. त्या प्रश्नाला 'छान' किंवा 'वाईट' याखेरीज उत्तर देता येत नाही. चहा होऊ द्या. मग सहज विचारा, "आज वर्गात कोण काय बोलले?" मुलांच्या गमती सांगता सांगता ती आपण होऊन खरे सांगू लागेल. तेव्हा तिला उपाय सुचवू नका. तुमच्या नणंदेने, जावेने काय केले असते तेही सांगू नका. नुसते ऐका. घरात लहान मुले असतील तर त्यांपैकी एखाद्याला तिच्यापुढे बसवा आणि तिला उद्याचा भाग त्याला समजावू द्या. ते पोर जेथे अडेल तेथेच उद्या वर्ग अडेल, हे तिला आदल्या रात्रीच कळेल.

आणि सर्व आठवडे पुरे करून, मनापासून झटून, तिने "मला हे काम नको" असे म्हटले, तर मात्र तो तिचा निर्णय मानावा. त्यात कोणाचाही कमीपणा नाही. परंतु तो निर्णय तिने वर्गात उभे राहून केलेला असावा, न्हाणीघरातील नळ सोडून नव्हे.

माझी ती छात्राध्यापिका आज एका गावी शिक्षिका आहे. मागल्या वर्षी तिचे पत्र आले. तिच्याकडेही आता एक मुलगी शिकावयास सोपविली आहे. तिने लिहिले आहे, "बाई, काल तिच्या वर्गात फार गोंगाट झाला. मी बाकाची कड धरून बसले होते."